सत्तर दिवसांची पोच

६ जानेवारी, सोमवार

नाही म्हणाल्या. सरळ नाही!

सातव्या महिन्याचं पोट घेऊन कामगार विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या ऑफिसात दोन तास बाकड्यावर बसले. नंबर आला तेव्हा मॅडमनी कॉम्प्युटरकडे बघतच सांगितलं, "बाळंतपणाची रजा बसत नाही. सत्तर दिवस भरलेले लागतात. तुमचे एकोणतीस आहेत." दवाखाना, तपासण्या, डिलिव्हरी, ते सगळं ईएसआयमधून होईल म्हणे. पण सव्वीस आठवडे घरी राहून पगार मिळतो, तो नाही.

मी म्हटलं, मॅडम, जूनपासून चाकणला जातेय. एकोणतीस कसे? "तारीख मार्चची ना तुमची? मग मागच्या सप्टेंबरपर्यंतचेच दिवस धरतात. ऑक्टोबरनंतरचे आत्ता उपयोगाचे नाहीत. आणि या नंबरवर तुम्ही लागलात सत्तावीस ऑगस्टला." आणि लगेच हाक, "पुढचा!"

टेबलावर पाटी होती – निशिगंधा. नावाचा आणि बाईचा काही संबंध नाही.

दर महिन्याला पगारातून ईएसआय कापतात. कापताना कोणी दिवस मोजत नाही!

७ जानेवारी

फर्स्ट शिफ्ट. बोर्ड ६. २०४ नग. पाय सुजले. सुजितला अजून सांगितलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज उलगडा झाला. करिष्मामुळे. माझ्या शेजारच्या बोर्डावर वायरी बांधते, बीडची, तोंडाने फटाकडी. डबा खाता खाता म्हणाली, "अगं, तुझे जून-जुलैचे दिवस जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडं हायत. ब्रेकच्या आधीचे!"

ब्रेक! ऑगस्टमध्ये आम्हा सगळ्यांना ब्रेक दिला. तेरा तारखेला सांगितलं, घरी बसा. सत्तावीसला परत बोलावलं. कंपनी तीच, बोर्ड तोच, कॉन्ट्रॅक्टर नवा. आयडी नवा, ईएसआयचा नंबरही नवा. कुणाला कायम करावं लागू नये म्हणून हे चालतं, शेंबडं पोरही सांगेल. ब्रेकच्या दिवशी सुपरवायझर दिग्विजय गेटवर खोका घेऊन उभा होता. "बूट, टोपी, आयडी, ईएसआयचं कार्ड – सगळं जमा!" आणि आम्ही तीस-बत्तीस बायांनी ओळीने जमा केलं. ईएसआयचं कार्ड हे पण कंपनीचं सामान, असंच वाटलं सगळ्यांना. बूट देतो तसं तेही दिलं. मी तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं, खराब होऊ नये म्हणून! एवढी शहाणी मी.

नंबर कुठे उतरवूनही ठेवला नाही. रोज किती नग केले ते लिहिते, आणि हा नंबर नाही.

सुटल्यावर दिग्विजयला गाठलं. गोड बोलतो तो, तेच वाईट. "ताई, ते जुनं खातं बंद झालं. कशाला उकरताय? डिलिव्हरी करून या, विसाव्या दिवशी परत लावतो. माझा शब्द."

वीस दिवसांचं बाळ कुठे ठेवू, म्हटलं.

"घरी कोणीतरी असेलच की."

घरी कोण आहे? मी आणि सुजित. तो कुरुळीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, बारा बारा तास. दिग्विजयला म्हणावं, तूच ये पाळणा हलवायला.

९ जानेवारी

सुजितला सांगितलं. तो पहाटेचं पाणी भरत होता. खालच्या नळाला पाच वाजता येतं, तीन मजले चढवायचं. जुलैपासून मला एक हंडा उचलू दिलेला नाही. न सांगता, न मागता! चुकून चांगला नवरा पदरात पडलाय. ऐकून घेतलं, हंडा खाली ठेवला आणि म्हणाला, "मग आता काय करायचं ठरवलंयस?" काय करूया असं नाही विचारलं. मी काहीतरी ठरवलं असणार, हे त्याने धरूनच ठेवलेलं.

ठरवलंय. सोडायचं नाही.

१२ जानेवारी, रविवार

देहूरोडला जाऊन आले, आईबाबांकडे.

आई वाटाणे सोलत होती. सगळं ऐकलं आणि मान खालीच ठेवून म्हणाली, "तू झालीस तवा बाराव्या दिवशी मी कँटीनची भांडी घासायला गेले. तुला टोपल्यात निजवून शेजारणीकडं ठिवायचे. दूध यायचं गं. पदर वला व्हायचा. मग मी वरून भांड्याचं पाणी सांडून घ्यायचे अंगावर, कुणाला कळू नये म्हणून."

सव्वीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी रडायलाच लागले. आई म्हणाली, "त्यात रडायचं काय? गेलं ते. वाटाणे सोल."

बाबा पिंपरीच्या बंद पडलेल्या कंपनीत युनियनचे होते. अजून तोच आवाज. "तोंडी इच्यारलंस? तोंडी इच्यारून काय हुतं? अर्ज कर. दोन प्रती कर. एकीवर शिक्का मारून घे. पोच न्हाई म्हंजी तू तिथं गेलीच न्हवतीस." मग पलंगाखालची ट्रंक ओढली. चाळीस वर्षांच्या पोचपावत्या! रेशनकार्डाच्या, शाळेच्या, गटार तुंबल्याच्या. आई म्हणते, तुझ्या लग्नात दागिने ठेवायला ट्रंक मागितली तर दिली नाही.

अर्ज बाबांनी सांगितला, मी लिहिला. "विनंती" शब्द दोनदा आला तर एक खोडायला लावला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दिग्विजयने लाइनवर तिळगूळ वाटला. घेतला. गोड बोलले नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

हाफ डे टाकून ऑफिसात गेले. त्याच निशिगंधा मॅडम. अर्ज पुढे केला. वाचला – पूर्ण वाचला! – आणि आधार नंबर मारला.

"तुमच्या आधारवर आणखी एक नंबर दिसतोय."

मी खुर्ची पुढे ओढली. आनंदाने.

"मोबाईल मात्र वेगळा आहे. हा कुणाचा?" शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. दिग्विजयचा! माझ्या नावाच्या खात्यावर त्याचा मोबाईल. म्हणून मला कधी एक मेसेज आला नाही.

मग पुढचं. या जुन्या नंबरवर दिवस भरलेत अकरा. जूनच्या शेवटापासून तेरा ऑगस्टपर्यंत राबले, आणि भरले अकरा. अकरा आणि एकोणतीस – चाळीस. आनंद पाच मिनिटं टिकला.

मी उठलेच होते. मॅडम म्हणाल्या, "बसा." चष्मा काढला. "भरले नाहीत हा त्यांचा गुन्हा, तुमचा नाही. भरायला हवे होते, एवढं सिद्ध झालं तरी दिवस धरता येतात. तुम्ही त्या दिवशी कामावर होतात, असा काही पुरावा आहे? त्या वेळचा. आज बसून केलेली यादी नको."

हजेरी जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडे, आयडी खोक्यात. काय पुरावा असणार माझ्याकडे?

पोच घेतली मात्र. शिक्का, तारीख, सही.

१७ जानेवारी, शुक्रवार

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

बसमध्ये बसले, डांगे चौक मागे पडला आणि एकदम डोक्यात उजेड पडला. डायरी! बाबा दर नव्या वर्षाला एक देतात. मी रोज आधी शिफ्ट, बोर्ड, नग लिहिते, मग मनातलं. गेल्या वर्षीचीही तशीच आहे. कपाटात, साड्यांच्या खाली.

घरी आल्या आल्या काढली. चप्पलही काढली नव्हती. पहिला दिवस, २६ जून – "फर्स्ट. बोर्ड ६. ९० नग. बोटं सोलली." बोटाने एकेक पान मोजत गेले. रविवार सोडले. वीस जुलैला खाडा. तेरा ऑगस्टपर्यंत एकेचाळीस.

एकेचाळीस आणि एकोणतीस.

सत्तर!!

एक कमी नाही, एक जास्त नाही. घरात एकटीच होते, टाळ्या वाजवल्या. बाळाने आतून लाथ मारली.

१७ तारीखच, नंतर

एकोणीस जुलैचं पान विसरलेच होते मी. विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं?

१८ जानेवारी, शनिवार

आता इथे तरी खरं लिहिते. त्या पानावर काय आहे ते.

वर – "फर्स्ट. बोर्ड ६. १९८ नग." खाली – "दोन रेघा आल्या. मला हे नकोय. आत्ता नको. कायम करायची यादी लागणार म्हणतात, पोट दिसलं तर माझं नाव राहील का? मेडिकलमधून गोळ्या आणल्या. सुजितला सांगणार नाही. कधीच नाही."

गोळ्या घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खाडा केला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले, आणि संध्याकाळी उठून त्या मोरीत टाकल्या. कुणी समजावलं नाही, कुणी अडवलं नाही. मला वाटलं म्हणून टाकल्या. सुजितला दिवस गेल्याचं सांगितलं ते पंधरा ऑगस्टला, पेढा हातात ठेवून. त्याला वाटलं, मला आदल्या दिवशीच कळलंय. म्हणजे मी तसंच सांगितलं. कायमची यादी तर लागलीच नाही. ब्रेक लागला.

आणि आता हे पान सरकारी टेबलावर ठेवायचं? ती बाई वाचणार. तिचा साहेब वाचणार. उद्या काही राहिलं तर कागद आणायला सुजित जाणार, तो वाचणार. "मला हे नकोय" – आपल्या लेकराबद्दल बायकोने लिहिलेलं!

पान काढलं तर एकोणसत्तर.

१९ जानेवारी, रविवार

पहाटे ब्लेड घेऊन बसले होते. फक्त खालचा अर्धा भाग कापायचा, वरची ओळ ठेवायची, असं डोक्यात होतं. बाबांना फोन केला. पानावर काय आहे ते नाही सांगितलं. नुसतं विचारलं, वहीतलं थोडं कापलं तर?

"कापलेली वही कोन मानंल? म्हनतील, हितं काय लपवलंय? एक कापलं तर बाकीची चाळीस पन गेली. द्यायची तर आख्खी दे. न्हाईतर नको दिऊ."

ब्लेड हातातच होतं तेवढ्यात सुजित हंडा घेऊन वर आला. त्याने डायरीकडे पाहिलं, ब्लेडकडे पाहिलं. "काय करतेस?" म्हटलं, ब्लाउजचा दोरा निघालाय. "बरं," म्हणाला आणि पिंपात पाणी ओतलं. मलाच लाज वाटली. ब्लाउज दोरीवर वाळत होता.

२० जानेवारी, सोमवार

आज दिग्विजयचा स्वर बदलला. अर्जाची खबर लागली म्हणे त्याला. लाइनवर येऊन हळूच, "ताई, आपण माणसात बसून मिटवू. तक्रारीत पडलात तर परत गेट उघडणार नाही. तुमचं नाही, तुमच्या त्या करिष्माचंही नाही."

करिष्मा बोर्डावरून ओरडली, "माझं नाव कशाला घेता ओ? माझाबी जुना नंबर तुमच्याच मोबाईलवर हाय का, ते आधी सांगा!"

सगळी लाइन बघायला लागली. दिग्विजय गेला निघून. पण मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू? नोकरी जाईल ती माझी एकटीची जाऊ दे. करिष्माच्या दोन पोरी आहेत.

डबा खाताना तिला म्हटलं, तू यात पडू नकोस. ती म्हणाली, "पडू नको काय? मी कवाच पडलेय. माझं कार्डबी त्याच खोक्यात हाय."

रात्री आईची गोष्ट डोक्यातून जाईना. अंगावर पाणी सांडून घ्यायची. दूध लपवण्यासाठी!

मी लपवणार नाही. वाचू देत, कोणाला काय वाचायचं ते.

२१ जानेवारी, मंगळवार

दिली. अख्खी दिली.

मॅडमनी माझ्यासमोरच पानं चाळली. कोऱ्या कागदावर तारखा उतरवत होत्या. मी पंख्याकडे बघत बसले. सतरा, अठरा, एकोणीस. पेन थांबलं. मी पंख्याची पाती मोजली. तीन. पुन्हा मोजली.

पेन पुढे चाललं. शेवटी एवढंच, "इन्स्पेक्टर कंपनीचं गेट रजिस्टर मागवतील. या तारखा त्याच्याशी जुळल्या तर प्रश्न नाही. मूळ वही इथे राहील. तुम्ही उद्यापासून रजा टाका, उभं राहायचं काम बास."

पोच दिली – "जुनी डायरी, एक." बाहेर येऊन उसाचा रस प्याले, दोन ग्लास.

२७ जानेवारी

रजेवर. रजेचा अर्ज द्यायला गेले, तर गेटवर आयडी जमा करायला मागितला. दिला नाही! म्हटलं, पोच द्या, मग देते. वॉचमन हसायला लागला.

३ फेब्रुवारी, सोमवार

काही कळलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काही कळलं नाही. फोन केला, "चौकशी चालू आहे." चौकशी म्हणजे काय गव्हाचं दळण, की रांगेत लावलं आणि झालं? धीर धर आम्रपाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

करिष्मा आली होती, चार जणींना घेऊन. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाया आणि एक पोट! सगळ्यांनी ऑफिसात जाऊन आधार दाखवलं. पाचही जणींचे जुने नंबर निघाले. सगळे त्याच मोबाईलवर. मी अर्ज लिहून दिले, बाबांच्या भाषेत. "विनंती" एकदाच.

सुजितने सगळ्यांना चहा केला. साखर विसरला. तशाच प्याल्या बिचाऱ्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मंजूर.

गेट रजिस्टर जुळलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस तारखा. दोन्ही नंबर एक केले. पत्रात लिहिलंय – "एकूण दिवस : ७०." तो आकडा मी इतक्या वेळा पाहिला की सुजित म्हणाला, पुसट होईल.

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झेरॉक्स काढून मला एक दे." ट्रंकेत जाणार!

आईने फोन ओढून घेतला. मग म्हणाली, "सव्वीस आठवडं म्हंजी किती म्हैने गं?" सहा, म्हटलं. "सहा म्हैने," म्हणाली. परत म्हणाली, "सहा म्हैने."

५ मार्च

पिशवी भरली. दुपटी, टोपडी, फाइल. फाइल सगळ्यात वर.

१० मार्च, सोमवार

काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. मुलगी. दोन किलो आठशे. आवाज करिष्मासारखा.

आई शेजारी बसलीय. बाळाला पाजताना माझा पदर ओला झाला. मी झाकायला गेले तर आईने हात धरला. "ऱ्हाऊ दे."

१५ मार्च, शनिवार

सुजित परवा ऑफिसातून जुनी डायरी घेऊन आला. बाळ झोपल्यावर उघडली. एकोणीस जुलैच्या पानावर मॅडमनी कोरा कागद लावलाय, चारी बाजूंनी स्टेपल करून. वरची फक्त एक ओळ दिसते – फर्स्ट, बोर्ड ६, १९८ नग. त्यावर शिक्का. त्या बाईला मी काय काय म्हटलं होतं!

सुजित बघत होता. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर परत कधीच नाही. म्हटलं, याच्या खाली काय आहे ते तुला वाचायचंय का? हवं तर उघड.

तो बाळाच्या पायावरचं दुपटं सारखं करत होता. म्हणाला, "वाचलंय मी. तेव्हाच. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, डायरी उघडी होती."

मग बोलला का नाहीस तू?

"मी काय बोलणार? ठरवायचं तुला होतं." दुपट्याची कड आत खोचली. "दुसऱ्या दिवसापासून पाणी भरायला लागलो."